मिस्टर होलिस यांनी दिलेला डबा

आमच्या घरातला एकही डबा खरं बोलत नसे. कॉफीच्या डब्यात तूरडाळ, कुकीजच्या निळ्या गोल डब्यात आईचे सुईदोरे, पीनट बटरच्या बरणीत काळा मसाला, आणि आइस्क्रीमचा डबा उघडावा तर त्यात परवाच्या वरणाची गोठलेली लादी. आई नागपूरची. नर्स म्हणून इकडे आली, आणि या देशातलं तिला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर रिकामे डबे. "इतका सुरेख डबा आणि हे लोक फेकून देऊन राहिले बाप्पा," असं म्हणत ती तो धुवायची, उन्हात वाळवायची, मग त्याच्यावर हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी लावून पेनने नाव लिहायची. पट्टीवर लिहिलेलं खरं आणि डब्यावर छापलेलं खोटं, हा घरचा कायदा होता. मी मराठी वाचायला शिकले तेही या पट्ट्यांवरच: ज्वारी, बेसन, ओवा, आणि बाबांसाठी खास 'हात लावू नये'. माझ्या मैत्रिणी आमच्या स्वयंपाकघरात गोंधळायच्या. मी त्यांच्याकडे गोंधळायची, कारण तिथे कॉफीच्या डब्यात खरोखरच कॉफी असायची.

आम्ही अमेरिकेत कॅरी नावाच्या गावी राहायचो. आज तिथे देशी दुकानांची रांग आहे, कढीपत्ता बारा महिने मिळतो आणि डोसा खायला नंबर लावावा लागतो. तेव्हा पाइनची झाडं होती, लाल माती होती, आणि वसंतात प्रत्येक गाडीवर हळद सांडल्यासारखा पिवळा परागाचा थर असायचा. उन्हाळ्यात झाडांतले किडे दुपारपासून असे काही कोकलायचे की आईच्या कुकरची शिट्टीसुद्धा त्यांच्यापुढे मवाळ वाटायची. आईची ड्यूटी विचित्र वेळांना, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक पुष्कळदा बाबा आणि मी मिळून करायचो. बाबांना झुणका उत्तम जमायचा, पोळी अजिबात नाही. जेवणाआधी हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढे वंदना व्हायची, जीवहत्या न करण्याचं शीलही म्हटलं जायचं, आणि ती संपली की शनिवारी बाबा उठून गॅरेजमध्ये बंदुकीच्या गोळ्या भरायला जायचे. आई यावरून त्यांची फार चेष्टा करायची. "आत्ताच पाणातिपाता म्हटलं ना तुम्ही? तोंड तरी वाळू द्या." बाबा शांतपणे म्हणायचे, "कागदाला जीव नसते, सुमन." आणि ते खरंच होतं. बाबांनी आयुष्यात कागदाच्या गोल निशाण्याखेरीज कशावरही बंदूक रोखली नाही. घरात झुरळ निघालं तर ते त्याला वर्तमानपत्रावर घेऊन बाहेर सोडून यायचे.

नेमबाजी त्यांची कॉलेजातली. तिथे ते इतके चांगले होते म्हणे की बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली होती, आणि ऐनवेळी यादीतून नाव गेलं. का गेलं ते बाबांनी मला कधीच सांगितलं नाही. आईने एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं, "आडनाव वाचलं असन कोणीतरी." एवढंच. मराठी वाचकाला याहून जास्त सांगायची गरज नाही. इकडे आल्यावरही जवळच्या रॅले शहराच्या बाजूला मराठी मंडळी जमायची, गोडधोड व्हायचं, आणि कोणीतरी काका अगदी प्रेमाने विचारायचे, "आडनाव ऐकलं नाही कधी. मूळचे नेमके कुठले तुम्ही?" बाबा उत्तर द्यायचे, हसायचे, आणि पुढच्या वेळी मंडळी जमायच्या दिवशी त्यांना हमखास काम निघायचं.

मिस्टर होलिसच्या दुकानात हा प्रश्न नव्हता. तिथे आमचं आडनाव कोणाला धड म्हणताच यायचं नाही, मग ओळखता कुठून येणार? बाबा एका प्रयोगशाळेत नाजूक तराजू दुरुस्त करायचे, ते जुळवून द्यायचे. एवढ्यावरून होलिसने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'डॉक' ठेवून दिलं. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, हायवेच्या कडेला, गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानाला लागून त्याची ती लांबट जागा होती. दाराला घंटा, आत तेलाचा आणि शिळ्या कॉफीचा वास, काउंटरखाली एक म्हातारी कुत्री. तिथे नवीन बंदुका थोड्याच असायच्या. दुकान होतं ते काडतुसं पुन्हा भरणाऱ्या लोकांचं. गोळी झाडली की मागे पितळी पुंगळी उरते. ती फेकायची नाही, स्वच्छ करायची, तिच्या बुडाशी ठिणगीची नवी टिकली बसवायची, आत मोजून पावडर घालायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. काही फेकायचं नाही, सगळं धुऊन पुन्हा वापरायचं, म्हणजे हा छंद जणू माझ्या आईसाठीच निघालेला. पण तिला त्यात रस नव्हता. शिकले बाबा, आणि त्यांच्या मागून मी.

होलिसने बाबांना शिकवलं, हे नाकारून चालणार नाही. आणि बाबांच्या हाडात हे भिनलेलं होतं की ज्याने शिकवलं त्याला उलटून विचारायचं नाही. ते दुकानात स्टूल रिकामं असलं तरी होलिसने "बस, डॉक" म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत. घरीही त्यांच्या तोंडी कायम 'मिस्टर होलिस', आणि वर अहोजाहो. मी करणार नाही. तीन वर्षं मी दर शनिवारी त्या माणसाच्या दुकानात गेले, आणि त्याने माझं नाव एकदाही विचारलं नाही. मी हनी होते. मी प्रश्न विचारला तर तो उत्तर बाबांना द्यायचा. बायकांना ताटकळत ठेवायचा. एकदा त्याने चुकीच्या मापाच्या टिकल्या दिल्या, आम्ही परत घेऊन गेलो, तर काउंटरवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: उघडलेला माल परत घेतला जात नाही. "पण उघडल्याशिवाय माप कळणार कसं?" असं मी म्हणाले. होलिस बाबांकडे बघून हसला आणि बाबाही हसले. गाडीत बसल्यावर ते मला म्हणाले, "दुकान त्यांचं आहे, मितू. नियम असतात." मला तेव्हा राग आला तो होलिसचा. बाबांच्या त्या हसण्याचा यायला हवा होता, पण पंधराव्या वर्षी एवढी अक्कल कुठली.

आणि आई त्याला चिवडा पाठवायची. आमच्याकडे दिवाळी नसायची, पण चिवडा सगळ्या ऋतूंत व्हायचा, पातळ पोह्यांचा, भरपूर खोबऱ्याचे काप घातलेला. "तुमच्या गुरूला द्या," म्हणून ती कॉफीचा मोठा डबा भरायची, पट्टीवर सवयीने 'चिवडा' लिहायची, मग हसून त्याखाली इंग्रजीत 'स्नॅक' लिहायची. होलिस मुठी भरभरून खायचा. कुत्रीलाही घालायचा. "टेल द मिसेस," म्हणायचा, "ती जेव्हा तुला टाकेल तेव्हा मी तिच्याशी लग्न करतो." बाबा हे घरी येऊन आईला सांगायचे नाहीत. रिकामा डबा तेवढा परत आणायचे.

गॅरेजमधलं आमचं काम मात्र सुखाचं होतं, आणि ते मी आजही कोणाला हिरावू देणार नाही. एका बाजूला कपडे धुण्याचं मशीन, दुसऱ्या बाजूला बाबांचं टेबल. त्यावर दाब द्यायचं यंत्र, छोटा तराजू, आणि पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा. पावडर तोलायचं काम माझं होतं. बाबा म्हणायचे माझा हात त्यांच्यापेक्षा हलका आहे, आणि तराजूच्या बाबतीत ते खोटी स्तुती करणारे नव्हते. तोलताना बोलायचं नाही, रेडिओ बंद, मशीन बंद, फोन वाजला तर वाजू द्यायचा. चमच्याला बोटाने टिचकी मारत कण कण पाडायचे, काटा मधोमध आला की पावडर पुंगळीत ओतायची. पन्नास झाल्या की दिवा घालवून टॉर्चच्या उजेडात एकेका पुंगळीत डोकवायचं: सगळ्यांची पातळी सारखी आहे ना, एखादी रिकामी नाही ना, एखादीत दोनदा पडली नाही ना. मी बघायची, मग बाबा बघायचे. दोघांनी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या शांततेत आम्ही बापलेक जेवढे जवळ होतो तेवढे पुन्हा कधी झालो नाही. त्या वसंतात मी आमच्या नेमबाजी क्लबच्या मुलामुलींच्या टीममध्ये निवडले गेले होते. जूनमध्ये राज्याची मॅच होती. बाबांनी यादीत माझं नाव बघितलं तेव्हा त्या कागदावर बोट ठेवून ते बराच वेळ उभे राहिले होते.

मॅचच्या तीन आठवडे आधी आमची नेहमीची पावडर संपली. आम्ही गेलो तर होलिसकडेही नव्हती. "येईल पुढच्या महिन्यात," म्हणाला. मग बाबांचा चेहरा बघून म्हणाला, "थांब," आणि मागच्या खोलीत गेला. बऱ्याच वेळाने एक डबा घेऊन आला. डब्यावरचं छापील नाव मार्करने खोडलेलं होतं आणि वर मास्किंग टेप लावून पेन्सिलने आमच्या पावडरचं नाव लिहिलेलं होतं. "मोठ्या पिंपातून काढली आहे. सेम थिंग, डॉक. तेच माप, तीच रेसिपी. मी माझ्या नातवाला हीच भरून देतो." बाबांनी विचारलं, "तुम्हाला खात्री आहे, मिस्टर होलिस?" तो म्हणाला, "मी तुला कधी चुकीचं सांगितलंय?"

यावर कोणीही खरा अमेरिकन नेमबाज तो डबा तिथेच ठेवून निघून गेला असता. हे मला खूप नंतर कळलं, नेमबाजीच्या एका अनोळखी रेंजवर एका बाईने सांगितलं तेव्हा. पावडर तिच्या मूळच्याच डब्यात हवी (तेच माप, पण पावडर वेगळी, तर बंदूक फुटू शकते), खोडाखोड केलेल्या डब्यातली पावडर फुकटही घेऊ नये, हा या छंदातला पहिला धडा, लहान मुलाला माहीत असलेला. होलिसने तो आम्हाला दिलाच नव्हता. आणि आम्हाला स्वतःहून शंका यावी कशी? खोडलेलं नाव आणि वर पट्टी हे आमच्या दृष्टीने जगातलं सगळ्यात विश्वासाचं लेबल होतं. तो डबा हातात घेताना मला आईच्या स्वयंपाकघरातल्यासारखं घरचं वाटलं. बाबांनाही वाटलं असणार.

डबा उघडल्यावर मात्र मला ते खटकलं. आमची पावडर जाडसर होती. ही बारीक होती, उपम्याच्या रव्याच्या जागी लाडवाचा रवा यावा तशी. मी म्हटलं, "बाबा, धिस इज डिफरंट. बारीक आहे ही." बाबांनी तळहातावर चिमूटभर घेऊन चष्मा वर करून बघितलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसली. मी आजही शपथेवर सांगेन, दिसली. मग त्यांनी ती चिमूट परत डब्यात टाकली आणि म्हणाले, "विचारलं ना आपण त्यांना? पुन्हा विचारलं तर वाटन त्यांना, आपला भरवसा नाही."

सोमवारी शाळेतून आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून स्वतःच दुकानात फोन केला. होलिसने "होल्ड ऑन, हनी" म्हणून रिसीव्हर काउंटरवर टाकला, आणि मी पंधरा मिनिटं त्याच्या दुकानाचे आवाज ऐकत उभी राहिले: घंटा, कोणाचं तरी हसणं, कुत्रीचं खोकणं. परत आला तेव्हा मी कोण हे तो विसरला होता. मी पुन्हा सांगितलं, दाणा बारीक आहे. तो म्हणाला, "तुम्ही लोक भात खाता ना, हनी? कुठला तांदूळ लांब, कुठला आखूड. शिजतो सगळा सारखाच. डॅडींना सांग, उगाच काळजी करू नका."

आता, तांदूळ सारखा शिजत नाही. हे आमच्या घरातल्या मांजरालाही कळत होतं. एका तांदळाला दीडपट पाणी लागतं, दुसऱ्याला अडीचपट, आणि चुकलं की पेज होते. ज्या माणसाला हे माहीत नाही त्याला दाण्यातलं काय कळणार, हे माझ्या मनात स्पष्ट आलं. आणि मी काय केलं? "थँक यू, सर" म्हणाले. संध्याकाळी बाबांना सांगितलं, "आय आस्क्ड हिम. सेम आहे म्हणाले." बाबांचा चेहरा मोकळा झाला. माझी चूक म्हणाल तर एवढीच, आणि ती मी आजवर कोणावर ढकललेली नाही.

शनिवारी सकाळी आम्ही रेंजवर गेलो. नवीन खेपेतली पहिली गोळी नेहमी बाबा झाडायचे, तो त्यांचा नियम. ते पालथे झोपले, गाल लाकडाला लावला, मी मागे दुर्बीण घेऊन बसले होते. आवाज नेहमीचा नव्हता. धमाका नाही, काहीतरी चिरल्यासारखा कोरडा आवाज. बाबांच्या बंदुकीच्या मधल्या लोखंडातून धूर आला, लाकूड उभं फाटलं, आणि बाबा कुशीवर वळून दोन्ही हातांनी चेहरा धरून म्हणाले, "मितू, मागं हो." त्याही वेळी ते मला मागे हो म्हणाले, हे मी विसरायचा खूप प्रयत्न केला आहे, कारण त्याने पुढचं सगळं अवघड होतं. त्यांच्या बोटांमधून रक्त येत होतं. चष्म्याची उजवी काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली होती, पण जागेवर होती. त्या जाड काचेने डोळा वाचवला. उजव्या गालात न जळलेल्या पावडरचे काळे कण रुतले ते कायमचे, गोंदल्यासारखे. उजवा हातही फाटला होता. आई ड्यूटीवरच होती. तिने इमर्जन्सीत त्यांचा चेहरा स्वतःच्या हाताने पुसला आणि बाहेर येऊन मला एवढं जवळ घेतलं की तिच्या खिशातली पेनं मला टोचली.

बारा दिवसांनी, टाके काढल्यावर, बाबा म्हणाले, "चल, मिस्टर होलिसना दाखवू." मी तो डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले. मला वाटत होतं आम्ही जाब विचारायला चाललो आहोत. मी इंग्रजी वाक्यं मनात तयार केली होती, आणि खरं सांगते, मला थोडा आनंदही होत होता. तीन वर्षांनी का होईना, त्या माणसाला मान खाली घालावी लागणार होती. दुकानात क्लबचे दोघे जण कॉफी पीत उभे होते. मी डबा काउंटरवर ठेवला. होलिसने बाबांच्या गालाकडे बघून शीळ घातली, मग डब्याकडे बघितलं आणि तो उचललासुद्धा नाही. "हा माझा नाही," म्हणाला.

"तुम्ही मागच्या खोलीतून आणून दिलात," मी म्हणाले. "टेपवर तुमचं अक्षर आहे. मी फोनही केला होता."

तो बाबांकडे बघून बोलला. "डॉक, पावडर तोलली कोणी?"

बाबा म्हणाले, "माझ्या मुलीने."

"देअर यू गो," होलिस त्या दोघांकडे वळून म्हणाला. "पोरीचं वय बघा. मन ठिकाणावर नसतं. दोनदा पडली असेल. आणि ऐक, तुझी बायको मला ते सीरियल कॉफीच्या डब्यात पाठवते, वर पट्टी लावून. तुमच्या घरात कशात काय असतं देवाला ठाऊक. पावडर कशात ओतलीत, कशात मिसळलीत, मी काय सांगू?"

माझ्या आईचा चिवडा. मुठी भरून खाल्लेला, कुत्रीला घातलेला. खाल्ल्या मिठाला जागणं वगैरे त्याच्याकडून मी मागत नव्हते, पण त्याच डब्याचा त्याने पुरावा करावा? मी बाबांकडे बघितलं. बोला ना, बाबा. आपण टॉर्चने बघितल्या होत्या, तुम्ही आणि मी, पन्नासच्या पन्नास. तुम्ही इथे उभे होता, तुम्ही विचारलंत खात्री आहे का. बाबांनी काउंटरवरचा डबा उचलला, काखेत धरला, आणि डावा हात पुढे केला, कारण उजव्याला अजून पट्टी होती. "शी मस्ट हॅव मेड अ मिस्टेक," ते म्हणाले. "आय ॲम सॉरी, मिस्टर होलिस." होलिसने तो हात हातात घेतला, वर थोपटला. "होतं असं, डॉक. बस, कॉफी घे." बाबा बसले. मी बाहेर गाडीजवळ जाऊन उभी राहिले. आत दोन वेळा हसण्याचा आवाज आला.

परतीच्या वाटेवर डबा पुन्हा माझ्या मांडीवर होता. मी स्वतःची समजूत काढत होते. इंग्रजी ही आमच्या घरात बाहेर वापरायची भाषा होती, पायातल्या बुटांसारखी. बाहेर माणूस पुष्कळ काही बोलतो. मंडळीतल्या काकांना बाबा हसून उत्तर द्यायचे तेही खरं नसायचंच. चार लोकांत त्यांना मोठेपणा राखावा लागला असेल, घरी गेल्यावर म्हणतील, मितू, माझा नाइलाज झाला. एवढं म्हटलं असतं तर मी सगळं गिळलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आई स्वयंपाकघरात वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणाला तो?" बाबांनी बूट काढले, डावा हात धुतला, खुर्चीवर बसले. आणि मराठीत, आमच्या घरच्या मराठीत, माझ्यासमोर म्हणाले, "त्यांची काही चूक नाही, सुमन. हिचंच लक्ष नव्हतं. दोनदा पडली पावडर."

आईने शेंग तशीच हातात ठेवून माझ्याकडे बघितलं. "होय का वं, मितू?"

मी म्हटलं, "नाही."

"मग हे काहून असं म्हणून राहिले?"

मी बाबांकडे बघितलं. ते चष्म्याची नवी काच पुसत होते, ती स्वच्छ असताना. आईने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग तिने जे केलं त्याला मी तिला दोष देत नाही, पण विसरलेही नाही. ती म्हणाली, "जाऊ द्या आता. डोळा वाचला, बस झालं," आणि पुढची शेंग उचलली.

क्लबमध्ये गोष्ट आधीच पोचली होती. कोचने मला बाजूला घेऊन फार मऊ आवाजात सांगितलं की या वर्षी जरा विश्रांती घे. मॅचच्या यादीतलं माझं नाव गेलं. ज्यांचं स्वतःचं नाव एकदा असंच गेलं होतं, त्या माणसाने ते जाऊ दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्या घरात तर फाशी देणाराही घरचाच होता. बाबांनी काडतुसं भरणं बंद केलं. गॅरेजमधलं टेबल आईच्या कुंड्यांना गेलं. पण दर शनिवारी ते होलिसच्या दुकानात जात राहिले. तयार काडतुसं आणायचे, तास दोन तास बसून यायचे. मला त्यांनी चल म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. आईने चिवडा पाठवणं मात्र बंद केलं, काही न बोलता. तिच्या परीने तेवढाच निषेध.

पुढे त्याची मजेची गोष्ट झाली. होलिस म्हातारा होऊन मेला, बाबा निवृत्त झाले, त्यांना कॅरीतच त्यांच्यासारखी पुष्कळ माणसं भेटली, जयभीम म्हणणारी, एकमेकांच्या घरी जाणारी. त्यांच्या पिकनिकला कोणी गालावरच्या काळ्या ठिपक्यांबद्दल विचारलं की बाबा रंगून सांगायचे, "आमच्या मितूने माझी रायफल फोडली ना!" सगळे हसायचे. मीही हसायची. माझी मुलगी लहान असताना तिची ही आवडती गोष्ट होती, आणि झोपताना ती माझ्याचकडून ऐकून घ्यायची. मी सांगितली आहे. कशी सांगितली ते विचारू नका.

बाबा गेले त्याच्या आधीच्या महिन्यात ते कॅरीशेजारी मॉरिसव्हिलला माझ्याकडे होते. दुपारी एक तरुण नर्स यायची. तिने गाल पुसताना विचारलं आणि बाबांनी, आवाज उरलेला नसताना, तीच गोष्ट सांगितली. ती हसली, गेली. मी खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि अचानक, काही न ठरवता, म्हणाले, "बाबा, ती चुकीची पावडर त्याने दिली होती."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"तेव्हाच. दाणा बारीक आहे म्हणालीस ना, तेव्हापासून."

मी पलंगाच्या कडेवर बसले. "मग माझं नाव का घेतलंत?"

बाबा छताकडे बघत होते. त्यांना विचार करावा लागला नाही. उत्तर कित्येक वर्षं तयार असावं. "त्यांना खोटं पाडलं असतं तर तिथं जाणं संपलं असतं, मितू. तिथं मला कोणी काही विचारत नव्हतं. मला दुसरी जागा नव्हती ना." मग त्यांनी मान वळवली आणि अगदी मायेने, समजूत घातल्यासारखे म्हणाले, "तुझं काय, तू घरची. तू कुठं जाणार होतीस?"

ते माझा हात शोधत होते. मी दिला. मला संताप आला होता, आणि नुसतं कातडं उरलेल्या त्या हाताची दयाही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी कसं सोसायचं ते मला आजही कळलेलं नाही. मी गेले होते, बाबा. हे मला म्हणायचं होतं. त्या वाटाण्याच्या शेंगांच्या दिवसापासून मी तुम्हाला एकही गोष्ट विचारली नाही. कॉलेज कुठलं घ्यायचं ते नाही, लग्न कोणाशी करायचं ते नाही, ते मोडलं तेव्हा तर नाहीच. लेकीने बापाचा जो जो सल्ला घ्यायचा असतो तो मी परक्यांकडून घेतला, आणि तो कितीदा चुकला, तरी तुमच्याकडे आले नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं. पिकनिकला तुम्ही ते अभिमानाने सांगायचात, मी शेजारी ताटं मांडत असायची. "फार समजदार आमची पोरगी," म्हणायचात, "कधी काही विचारायला येत नाही."